दम टिकतो, पायांतला जोर ओसरतो : मध्यमवयीन धावपटूने पायांची ताकद कशी राखावी

दहा-पंधरा वर्षे नियमाने लांब पल्ल्याचे धावणाऱ्या माणसाला पन्नाशीच्या आसपास एक बदल जाणवू लागतो. पण तो नेमका कशाचा, हे लवकर ध्यानात येत नाही. धाप पूर्वीपेक्षा जास्त लागत नाही, हृदयाचे ठोके आटोक्यात असतात, धावता धावता बोलताही येते, आणि तरीसुद्धा तेच अंतर कापायला दर वर्षी थोडा जास्त वेळ लागतो. चढ आला की मांड्या भरून येतात, उतारावर पाऊल टाकताना गुडघा सावरावा लागतो आणि लाँग रनच्या (आठवड्यातल्या सर्वात लांब धावण्याच्या) शेवटच्या तीन-चार किलोमीटरांत पावलांचा आवाज बदलतो. टप टप पडणारे पाय घासत चालल्यासारखे वाजू लागतात. यावर बहुतेक जण एकच उपाय करतात, तो म्हणजे आठवड्याचे किलोमीटर वाढवणे. मीही अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तेच केले, आणि वर्षअखेरीस वेग तर वाढला नाहीच, पोटरीचे दुखणे मात्र पदरात पडले. दम पुरेसा होता, कमी पडत होता तो पायांतला जोर. आणि धावण्याने दम जसा राखला जातो तसा जोर आपोआप राखला जात नाही, एवढी साधी गोष्ट कळायला ते दुखणे व्हावे लागले.

पुढे सांगितलेली पद्धत आधीपासून धावणाऱ्या, साधारण चाळीस ते पासष्ट वयाच्या स्त्री-पुरुषांसाठी आहे. तिला आठवड्यातून दोन वेळा, प्रत्येकी चाळीस मिनिटांच्या आसपास वेळ द्यावा लागतो. ज्यांना हृदयविकार आहे, ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, ज्यांची हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झाले आहे किंवा ज्यांची अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी वजनाला हात लावण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

धावत असूनही ताकद का ओसरते

स्नायूंमधील तंतू ढोबळमानाने दोन जातींचे असतात. मंद तंतू सावकाश आकुंचन पावतात, ऑक्सिजनच्या आधारे तासन् तास काम करतात आणि सहजी थकत नाहीत. जलद तंतू झटपट आणि जोराने आकुंचन पावतात, पण लवकर दमतात. काम हलके असेल तर शरीर आधी मंद तंतूंना जुंपते आणि भार वाढत जाईल तसतसे जलद तंतू त्यात सामील होतात. हा क्रम एलवुड हेनेमन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यानंतर दाखवून दिला आणि तो आजही ग्राह्य मानला जातो. त्याचा आपल्याशी संबंध असा, की बोलता बोलता धावता येईल अशा वेगाने आठवड्याला पन्नास किलोमीटर धावले, तरी त्यातली बहुतेक पावले मंद तंतूंच्याच जिवावर पडतात. जलद तंतूंच्या वाट्याला काम फारसे येत नाही, आणि वयानुसार आधी बारीक होतात तेही जलद तंतूच. म्हणजे ज्या तंतूंना राखण्याची गरज सर्वात अधिक, नेमके तेच आपल्या आवडत्या व्यायामातून सुटतात.

तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचे वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर ही घट अधिक वेगाने होते, असे सामान्यतः मानले जाते. वयापरत्वे होणाऱ्या या झिजेला आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस सार्कोपेनिया हे नाव सुचवले. मात्र ताकद वस्तुमानापेक्षा लवकर उतरते, आणि ती ताकद क्षणात वापरण्याची क्षमता, म्हणजे उडी मारण्याची किंवा ठेच लागल्यावर तोल सावरण्याची, त्याहूनही लवकर. याचे कारण केवळ स्नायूत नाही. मज्जारज्जूतून स्नायूला आज्ञा देणाऱ्या चेतापेशींपैकी काही वयानुसार नाहीशा होतात. त्यांच्या ताब्यातले तंतू पोरके होतात. काहींना शेजारची चेतापेशी आपल्याकडे घेते, उरलेले सुकून जातात. आयुष्यभर धावणाऱ्यांमध्ये ही हानी कमी होते का, याबाबत संशोधकांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. २०१० मधील एका अभ्यासात पासष्टीच्या आसपासच्या धावपटूंच्या नडगीच्या स्नायूतील चेतापेशींची संख्या तरुणांच्या बरोबरीची आढळली, परंतु नंतरच्या काही अभ्यासांत तसे दिसले नाही. तेव्हा या बाबतीत केवळ धावण्यावर भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही.

हे वाचून धावणे कमी महत्त्वाचे ठरवू नये. ऑक्सिजन वापरण्याची शरीराची कमाल क्षमता बैठ्या माणसात दर दशकाला सुमारे १० टक्क्यांनी उतरते, तर कसून सराव चालू ठेवणाऱ्यांत ही उतरण जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते. स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९८४ मध्ये पन्नाशीपुढच्या धावपटूंचा आणि त्यांच्याच वयाच्या न धावणाऱ्यांचा मागोवा घ्यायला सुरुवात केली. एकोणीस वर्षांनी धावणाऱ्यांपैकी १५ टक्के आणि दुसऱ्या गटातील ३४ टक्के लोक मरण पावलेले होते, आणि हिंडण्या-फिरण्यातले परावलंबनही धावणाऱ्यांच्या वाट्याला बरेच उशिरा आले. धावणारे मुळातच अधिक निरोगी असतात, हा आक्षेप अशा तुलनेला नेहमीच लागू असतो, तरीही फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. धावणे चालूच ठेवायचे आहे. त्याच्या जोडीला त्यातून न भागणारी गरज वेगळी भागवायची आहे.

ही गरज सर्वात आधी दिसते ती पोटरीत. धावताना जमिनीचा धक्का शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट असतो, परंतु घोट्याच्या तरफेमुळे पोटरी आणि तिला टाचेशी जोडणारे अकिलीस टेंडन (स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट पट्टा) यांच्यावर येणारा ताण वजनाच्या सहा-आठ पटींपर्यंत जातो. वय वाढलेल्या धावपटूंच्या हालचालींचा अभ्यास केला असता असे दिसते, की त्यांच्या घोट्याचा रेटा कमी होतो, ढांग आखूड होते आणि तोच वेग राखण्यासाठी ते कमी लांबीची, पण जास्त पावले टाकतात. खुब्याच्या स्नायूंचे काम त्या मानाने टिकून राहते. म्हणूनच पुढील व्यायामात मी पोटरीला पहिला मान दिला आहे, मांडीला दुसरा. व्यायामशाळेत बहुतेकांचा क्रम याच्या नेमका उलटा असतो.

आधी मोजून पाहा

सुरुवात करण्यापूर्वी आपण कुठे आहोत हे वहीत लिहून ठेवावे, कारण तीन महिन्यांनी स्मरणशक्ती हमखास फसवते. पहिली चाचणी पोटरीची. भिंतीला बोटांचा नुसता आधार घेऊन एका पायावर उभे राहावे, गुडघा सरळ ठेवावा आणि दर दोन सेकंदांना एक या गतीने चवड्यावर वर उठून खाली यावे. टाच पूर्वीइतकी वर जाईनाशी झाली, गुडघा वाकू लागला किंवा शरीर पुढे झुकू लागले की मोजणी थांबवावी. तरुण, निरोगी माणसासाठी पूर्वापार २५ हा आकडा सांगितला जातो. नियमित धावणाऱ्या पन्नाशीच्या माणसाने वीसच्या खाली असू नये, असे माझे मत आहे. मी पहिल्यांदा मोजले तेव्हा उजव्या पायावर एकोणीस आणि डाव्यावर अकरा झाले होते, आणि दुखणे डाव्याच पोटरीत होते. दोन्ही पायांतला असा फरक एकूण आकड्यापेक्षा अधिक बोलका असतो.

दुसरी चाचणी खुर्चीची. हात छातीशी घडी घालून, सर्वसाधारण उंचीच्या खुर्चीवरून पाच वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसावे. याला १५ सेकंदांहून अधिक वेळ लागणे हे ताकद लक्षणीय कमी झाल्याचे चिन्ह वैद्यकशास्त्रात मानले जाते. धावपटूला सहसा याच्या निम्मा वेळही लागत नाही, म्हणून त्याने हीच क्रिया एका पायावर करून पाहावी. एका पायावर पाच वेळा सावकाश बसून हिसका न देता उठता आले, तर मांडीची स्थिती चांगली समजावी. तिसरी गोष्ट चाचणी म्हणण्याइतकी काटेकोर नाही, पण उपयोगी आहे : जिन्याच्या पायरीवरून एका पायाने हळूहळू, तीन सेकंद मोजत खाली उतरावे आणि आरशात गुडघा आत वळतो का ते पाहावे.

कोणते व्यायाम, कसे आणि किती

धावपटू ताकदीचा व्यायाम करतात तेव्हा त्यांची एक ठरलेली चूक होते. ते हलके वजन घेऊन तीस-तीस, चाळीस-चाळीस वेळा उठाबशा काढतात आणि दोन सेटमध्ये (न थांबता केलेल्या आवृत्त्यांच्या दोन फेऱ्यांमध्ये) अर्धा मिनिटही थांबत नाहीत. असा व्यायाम पुन्हा दमाचाच व्यायाम होतो, आणि दम तर आपल्यापाशी आधीच असतो. जलद तंतूंना जागे करायचे असेल तर भार जड हवा, आवृत्त्या थोड्या हव्यात आणि दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटांची खरीखुरी विश्रांती हवी. ही विश्रांती धावणाऱ्या माणसाला फार बोचते. घड्याळ लावून स्वस्थ बसणे हाच या व्यायामातला त्याच्यासाठी सर्वात कठीण भाग असतो.

जड व्यायामाने धावणे बिघडेल किंवा अंगावर नको तेवढे मांस चढेल, ही भीती निराधार आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नॉर्वेजियन प्रयोगात चांगला सराव असलेल्या धावपटूंनी आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, जेमतेम चार वेळा पेलता येईल एवढ्या वजनाने चार-चार अर्ध्या बैठकांचे चार सेट केले. त्यांचे शरीराचे वजन वाढले नाही, पण ठरावीक वेगाने धावायला लागणारा ऑक्सिजन सुमारे ५ टक्क्यांनी कमी झाला. हे धावपटू तरुण होते, त्यामुळे आकडा जसाच्या तसा आपल्याला लागू करू नये. तत्त्व मात्र तेच राहते.

आपण थेट तिथून सुरुवात करायची नाही. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतो, तर टेंडनला त्यासाठी महिने लागतात, आणि मध्यम वयातल्या बहुतेक दुखापती या दोहोंच्या वेगातल्या तफावतीतून होतात. म्हणून पहिले सहा आठवडे १२ ते १५ आवृत्त्या सहज होतील एवढ्याच भाराने करावेत. पुढचे सहा आठवडे भार वाढवून ८ ते १० आवृत्त्यांवर यावे. तीन महिन्यांनंतर ५-६ आवृत्त्यांच्या जड भारावर जावे. कोणत्याही टप्प्यावर सेट संपताना आणखी दोन आवृत्त्या नीट करता आल्या असत्या, एवढा जोर शिल्लक ठेवावा. अगदी हात-पाय थरथरेपर्यंत ताणल्याने या वयात फायदा थोडा होतो आणि सावरायला दिवस फार जातात.

पोटरीचा व्यायाम दोन प्रकारे करावा लागतो, कारण पोटरीत मुख्यतः दोन स्नायू असतात. वरचा, बाहेरून दिसणारा गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्या वर जोडलेला असल्यामुळे गुडघा सरळ असताना जोर लावतो. त्याच्याखाली दडलेला, रुंद आणि चपटा सोलियस गुडघा वाकलेला असतानाही तितकेच काम करतो, आणि धावताना जास्त भार तोच उचलतो. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून, टाचा अधांतरी ठेवून उभे राहावे. दोन सेकंदांत वर उठावे, वर क्षणभर थांबावे आणि तीन सेकंद मोजत टाच पायरीच्या पातळीखाली नेईपर्यंत खाली यावे. दोन्ही पायांनी १५ वेळा सहज जमू लागले की एका पायावर यावे, आणि एका पायावर १२ वेळा जमू लागले की पाठीवर पुस्तकांची पिशवी घेऊन किंवा हातात डंबेल धरून वजन वाढवत जावे. सोलियससाठी हीच क्रिया गुडघा थोडा वाकवून करावी किंवा खुर्चीवर बसून गुडघ्याजवळ मांडीवर वजन ठेवून करावी. बसून करताना भार बराच जड लागतो, हे लक्षात ठेवावे. दोन्ही प्रकारांचे तीन-तीन सेट पुरेत. घाईघाईने उसळ्या मारत केलेल्या शंभर आवृत्त्यांपेक्षा अशा आठ आवृत्त्यांची किंमत अधिक आहे.

मांडीसाठी बैठक हाच पाया. पाय खांद्याइतके फाकवून, पाठ ताठ ठेवून, मागे खुर्ची आहे अशा कल्पनेने खाली जावे. सुरुवातीला खरोखरच खुर्ची ठेवावी. छातीशी एक डंबेल धरून दहा-बारा बैठका नीट होऊ लागल्या की वजन वाढवावे, आणि वजन फार वाढले की व्यायामशाळेत जाणकाराच्या देखरेखीखाली बारबेल, म्हणजे दोन्ही टोकांना वजने लावलेला लांब दांडा, घ्यावा. मांडी जमिनीला समांतर येईपर्यंत खाली गेलेच पाहिजे असा आग्रह नको; धावण्यासाठी अर्धी बैठकही चालते, मात्र ती नेहमी सारख्याच खोलीची हवी. भार उचलताना श्वास कोंडून धरू नये, खाली जाताना घ्यावा आणि उठताना सोडावा, कारण श्वास कोंडल्याने रक्तदाब एकदम चढतो.

धावणे हे एका वेळी एकाच पायावर उभे राहण्याचे काम असल्यामुळे बैठकीच्या जोडीला एका पायाचा एक तरी व्यायाम हवा. गुडघ्याइतक्या उंच पायरीवर वजन घेऊन चढणे हा त्यातला सर्वात सोपा. चढताना खालच्या पायाने ढकलून घेण्याचा मोह आवरावा. उतारावर गुडघे कुरकुरत असतील त्यांनी याउलट, वीतभर उंचीच्या पायरीवरून तीन-चार सेकंद मोजत खाली उतरण्याचा व्यायाम करावा. उतरताना स्नायू ताणला जात असताना जोर लावतो, आणि डोंगर उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी जिना उतरवेनासे करणारे काम तेच असते. त्याची सवय आधीच थोडी थोडी लावली तर पुढच्या वेळचे दुखणे निम्म्याहूनही कमी होते, हा अनुभव कोणालाही दोन आठवड्यांत घेता येईल.

मांडीच्या मागच्या भागासाठी आणि नितंबांसाठी डेडलिफ्ट करावे : गुडघे किंचित वाकवून, कंबरेत न मोडता खुब्यातून पुढे झुकावे, पाठ सरळ ठेवून वजन नडगीलगत खाली न्यावे आणि नितंब आवळत उभे राहावे. कंबरदुखी असेल तर त्याऐवजी पाठीवर झोपून, एक पाय जमिनीवर टेकवून कंबर वर उचलण्याचा व्यायाम चालतो. खुब्याच्या बाजूच्या स्नायूंसाठी कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलावा. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

एवढे सगळे तीन-चार महिने नीट पचल्यावर, आणि टाचेमागे काही दुखत नसेल तरच, उड्यांकडे वळावे. दोरीवरच्या वीस-वीस उड्यांचे तीन फेरे, किंवा जागच्या जागी दोन्ही पायांनी घोट्यातून मारलेल्या छोट्या उड्या पुरेत. ताकद असणे आणि ती पाव सेकंदाच्या आत जमिनीत उतरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; धावताना पाय जमिनीवर असतो तोही जवळपास तेवढाच वेळ. उड्यांचे सत्र नेहमी ताज्या पायांनी, व्यायामाच्या सुरुवातीला करावे.

आठवड्यात जागा कशी करावी

रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात एका गटाने दहा आठवडे नुसता ताकदीचा व्यायाम केला, एकाने नुसता दमाचा, आणि एकाने दोन्ही. दोन्ही करणाऱ्यांची ताकद सुरुवातीला नुसता ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांसारखीच वाढली, पण सातव्या-आठव्या आठवड्यानंतर ती थबकली आणि शेवटी उतरू लागली. दम मात्र कुठेही कमी झाला नाही. या प्रयोगाचा हवाला देऊन दोन्ही एकत्र करूच नये असे सांगणारे अनेक भेटतात. त्यांनी हे पाहावे, की त्या गटाने आठवड्यातून पाच दिवस ताकदीचा आणि सहा दिवस दमाचा कठोर व्यायाम केला होता. आपण सुचवतो आहोत ती फक्त दोन सत्रे.

जुळवणीचा नियम असा, की कठीण दिवस कठीणच ठेवावा आणि हलका दिवस खरोखर हलका. समजा लाँग रन रविवारी आहे. सोमवारी विश्रांती घ्यावी. मंगळवारी सकाळी इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत वेगाने धावण्याचे तुकडे) किंवा टेम्पो (न थांबता, बोलणे जड जाईल अशा वेगाने धावणे) करून, मध्ये निदान सहा तास जाऊ देऊन, संध्याकाळी पायांचे पहिले सत्र करावे. बुधवारी हलके धावावे, वाटल्यास सुट्टी घ्यावी. गुरुवारी हलके धावून झाल्यावर संध्याकाळी दुसरे सत्र करावे आणि ते पहिल्यापेक्षा एका सेटने कमी ठेवावे, म्हणजे रविवारपर्यंत पाय मोकळे होतात. जड सत्र आणि लाँग रन यांत ४८ तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नये. पहिल्या महिन्यात आठवड्याचे एकूण किलोमीटर पाचव्या हिश्शाने कमी करावेत. बहुतेक जण हे करत नाहीत आणि मग पाय कायम भरलेले राहतात म्हणून ताकदीचा व्यायामच सोडून देतात. दर चौथ्या आठवड्यात वजन तेच ठेवून सेट निम्मे करावेत. शर्यतीच्या आधीचे दहा दिवस जड वजनाला हात लावू नये.

धावण्यातही जलद तंतूंना थोडे काम देता येते. बऱ्यापैकी तीव्र चढावर आठ ते दहा सेकंद पूर्ण जोराने धावावे, चालत खाली यावे, दोन मिनिटे थांबावे आणि पुन्हा धावावे. पहिल्या आठवड्यात दोनदा, पुढे वाढवत सहा-आठ वेळांपर्यंत. चढावर जमिनीचा धक्का कमी बसतो आणि ढांग आपोआप आवरलेली राहते, म्हणून सपाटीवरच्या पूर्ण वेगापेक्षा हा प्रकार मध्यम वयात अधिक सुरक्षित आहे. मात्र तो अंग चांगले तापल्यावरच करावा, आणि छातीत दडपण, भोवळ किंवा पूर्वी कधी न लागलेली धाप जाणवली तर त्याच क्षणी थांबून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

इथे कोणी कॅनडाचे वयोवृद्ध धावपटू एड व्हिटलॉक यांचे नाव घेईल. त्यांनी २००४ मध्ये टोरांटो येथे, वयाच्या ७३ व्या वर्षी, मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत पूर्ण केली, आणि त्यांचा सराव म्हणजे घराजवळच्या दफनभूमीत रोज दोन-तीन तास संथपणे मारलेल्या फेऱ्या. वजने ते उचलत नसत. हे खरे आहे. पण ते वारंवार शर्यतीही धावत आणि जोराचे काम तिथे होऊन जाई. शिवाय अशा विलक्षण देहाच्या माणसावरून आपला आराखडा बेतणे धोक्याचे आहे.

कोणते दुखणे सोसावे, कोणते नाही

नवीन व्यायामानंतर २४ ते ७२ तासांच्या दरम्यान दोन्ही पायांत सारखेच, पसरलेले, दाबल्यावर जाणवणारे दुखणे येते. ते आपोआप जाते आणि त्यात हलके चालणे-धावणे चालते. टेंडनचे दुखणे वेगळे असते. ते एका बोटाने दाखवता येते, सकाळी पहिली पावले टाकताना सर्वात जास्त असते, आणि अंग तापल्यावर ओसरून पुन्हा डोके वर काढते. त्यासाठी सोपी कसोटी अशी : व्यायामाने दुसऱ्या दिवशी सकाळचे दुखणे आदल्या दिवसापेक्षा वाढले, तर भार जास्त झाला; तेवढेच राहिले, तर भार योग्य आहे. दुखतेय म्हणून पूर्ण विश्रांती घेतली तर टेंडन आणखी कमकुवत होते. हाकान आल्फ्रेडसन या स्वीडिश शल्यचिकित्सकाने १९९८ मध्ये जुनाट अकिलीस दुखण्यासाठी पायरीवरून टाच हळूहळू खाली सोडण्याचा व्यायाम सांगितला, १५ आवृत्त्यांचे तीन सेट, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. आणि तेव्हापासून अशा दुखण्यावर भार हेच मुख्य औषध मानले जाऊ लागले.

काही लक्षणे मात्र घरी बसून सोसण्याची नाहीत. धावताना पोटरीवर मागून कोणी दगड मारल्यासारखे वाटून पाय एकदम निकामी झाला, तर पोटरीचा स्नायू किंवा अकिलीस टेंडन फाटलेले असू शकते. ही इजा मध्यम वयातच विशेष आढळते. एकाच पोटरीला सूज, ऊब आणि सतत ठणका असेल, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, तर शिरेत रक्ताची गुठळी झाली नाही ना हे त्याच दिवशी तपासून घ्यावे. अतिव्यायामानंतर लघवी काळ्या चहासारखी गडद झाली तर तडक रुग्णालय गाठावे. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन गटातील औषध सुरू केल्यानंतर दोन्ही मांड्या दुखू लागल्या असतील, तर व्यायामाला दोष देण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे. औषध मनाने बंद करू नये.

आहार, झोप आणि पुढची वर्षे

वय वाढते तसा स्नायू प्रथिनांना पूर्वीइतका चटकन प्रतिसाद देत नाही. म्हणून धावणे आणि वजन उचलणे दोन्ही करणाऱ्याने शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, आणि ती एकाच जेवणात न घेता तीन-चार वेळांत वाटून घ्यावीत. सत्तर किलोच्या माणसाला याचा अर्थ दर वेळी साधारण २५ ते ३० ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी हा आकडा स्वतःहून पाळू नये. लांब पल्ला धावणाऱ्यांत वजन उतरवण्यासाठी कमी खाण्याची खोड असते. ताकद वाढवायच्या महिन्यांत तरी ती सोडावी. झोपेबद्दल एवढेच, की सात तासांच्या खाली जाऊन जड सत्र करण्यापेक्षा ते सत्र सोडलेले बरे.

स्त्रियांच्या बाबतीत रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन उतरल्याने स्नायू, हाडे आणि टेंडन या तिन्हींवर एकाच वेळी परिणाम होतो. या काळात अनेकींना हलके, पुष्कळ आवृत्त्यांचे व्यायाम सुचवले जातात, जे माझ्या मते चुकीचे आहे. हाडाला आणि जलद तंतूला हवा असतो तो भारच, फक्त तो सावकाश वाढवायचा असतो.

एकदा कमावलेली ताकद राखायला कमी श्रम लागतात. वर्षातले चार-पाच महिने दोन सत्रे करून, मुख्य शर्यतीच्या मोसमात आठवड्याला एकाच सत्रावर आले तरी ताकद बऱ्याच अंशी टिकते, अट एवढीच की वजन कमी करायचे नाही. कमी करायचे ते सेट. सत्र पूर्णच बंद ठेवले तर काही आठवड्यांतच उतार लागतो. आपले वय होऊन गेले असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी १९९० मधील एका प्रयोगाचा दाखला पुरेसा आहे : मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांकडून आठ आठवडे जड भाराचा मांडीचा व्यायाम करून घेतला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

वहीतल्या चाचण्या दर तीन महिन्यांनी, त्याच खुर्चीवर, त्याच पायरीवर आणि विश्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा कराव्यात. माझ्या डाव्या पोटरीला अकरावरून बावीसवर यायला सात महिने लागले. धावण्याचा वेग त्यातल्या पहिल्या तीन महिन्यांत जराही सुधारला नव्हता. पहिला बदल जाणवला तो एका लाँग रनच्या शेवटच्या किलोमीटरात, पाय घासल्याचा आवाज ऐकू आला नाही तेव्हा.